खोकला दाबू नका

छातीतली गाठ काढून रुग्ण घरी आला की घरच्यांची एकच धडपड असते : त्याने पडून राहावे. चहा अंथरुणावर, जेवण अंथरुणावर आणि खोकला आला की ‘हळू, टाके ताणतील’. हेतू चांगला, पण नेमके हेच महागात पडू शकते.

बरगड्यांमधून छेद घेतला की प्रत्येक खोल श्वास दुखतो. मग रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ तिथेच साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून वेदनाशामक गोळी ‘अगदीच असह्य झाले तर’ घ्यायची नसते. ती सांगितलेल्या वेळी घेतली तरच मोकळे खोकता येते. या गोळ्यांची सवय लागेल म्हणून डोस गाळणारे बरेच असतात; बद्धकोष्ठता झाली तर डॉक्टरांना सांगावे, गोळी परस्पर बंद करू नये. खोकताना उशी जखमेवर घट्ट धरावी, टाके सहसा उसवत नाहीत.

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर रुग्णालयातून घरी येतो आणि बहुधा टीव्हीशेजारी शोभेला बसतो. त्यात फुंकायचे नसते. नळीतून हवा सावकाश आत ओढायची असते. जागेपणी तासाला साधारण दहा वेळा.

घरातल्या घरात चालणेही हवेच. पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. छेदाच्या बाजूचा हात जपून ठेवला तर खांदा आखडतो, तेव्हा केस त्याच हाताने विंचरावेत. छातीचे मधले हाड कापले असेल तर मात्र नियम वेगळे. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याची बादली, नातवंड, दुचाकी, सगळे लांब.

छेदाभोवती बधिरपणा, मुंग्या, चटका काही महिने राहू शकतो. बरगडीलगतची नस दुखावलेली असते. अचानक धाप लागणे, ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज यांसाठी मात्र सकाळची वाट पाहू नये. गाठ थायमस ग्रंथीची असेल तर पापण्या जड होणे, गिळताना अडखळणे हेही लगेच कळवावे. काही रुग्णांत या गाठीसोबत मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असतो आणि तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. ही गाठ पूर्ण काढल्यावरही अनेक वर्षांनी परत येऊ शकते, त्यामुळे बरे वाटत असतानाही ठरलेला स्कॅन चुकवू नये.