नवी विंडोज टाकण्याआधी : फाइल वाचवायची म्हणजे काय वाचवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. तेव्हापासून आम्हाला सारखे विचारले जाते, ‘सर, नवी विंडोज टाकायची आहे, फाइली कशा वाचवायच्या?’ आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले. आम्ही आधी विचारतो, वाचवायचे म्हणजे नेमके काय?

याचे उत्तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो शिष्यांच्या आठवणीतून. त्यामुळे पाठभेदही झाले. म्हणजे बघा, दुसरी जागा होती म्हणून ग्रंथ वाचला.

आता आपल्याकडे या. विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे एरवी तिथेच असते. ‘डी मध्ये टाकलं ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोन्ही गेले. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, दुसरी ऑनलाइन ठेवा. पण हेही ध्यानात असू द्या, की क्लाउडशी जोडलेले फोल्डर इथे पुसले की तिथेही पुसले जाते.

दुसरी गोष्ट लिपीची. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथी हातात असली तरी किल्ली नसलेल्याला ती वाचता येत नसे. आमच्या पिढीचे कितीतरी लेखन श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत आहे. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. म्हणून फॉन्टही जपा, महत्त्वाचे लेख युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि सोबत एक पीडीएफ ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती संगणकातच ठेवली, तर कुलपाची किल्ली पेटीत टाकून पेटी बंद केल्यासारखे होईल.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. ‘कॉपी झाली’ असे यंत्र सांगते, ते न्यायदर्शनाच्या भाषेत शब्दप्रमाण. आपण प्रत्यक्षावर यावे. ती डिस्क दुसऱ्याच्या संगणकाला लावा, पाच-दहा फाइली उघडा, मधले एखादे पान वाचा, फोटो मोठा करून बघा. मगच दुरुस्तीवाल्या पोराला म्हणा, ‘कर बाबा फॉरमॅट.’

विंडोज पुन्हा मिळते, विकतही मिळते. आजीचा फोटो, गावाच्या इतिहासाची टिपणे, विद्यार्थ्याचा अर्धा प्रबंध, हे दुकानात मिळत नाही. आणि म्हाइंभटांचा ग्रंथ आठवणीतून उभा करणारे शिष्य होते; आपल्या फाइली कोणाला पाठ आहेत?

आता प्रश्न असतील तर घेऊ.