जुन्या आरसी ट्रकला लायपो बॅटरी लावताय? थांबा!

तामिया या जपानी कंपनीचा १९८६ चा ‘ब्लॅकफूट’ ट्रक हाती आला, की जुनी निकॅड काढून लायपो लावायचा मोह होतोच. (कॅडमियम विषारी, निकॅड कचऱ्यात टाकू नका.) पण यातला स्पीड कंट्रोलर मेकॅनिकल आहे. सर्व्हो कॉन्टॅक्ट सरकवतो, रेझिस्टर तापतो, वेग बदलतो, बस्स! बॅटरी किती उतरली हे त्याला कळतच नाही. तुमच्या फोनमधली लिथियम बॅटरी फार उतरण्याआधी सर्किट तिला तोडतं. इथे तसं काही नाही. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खूप खाली गेला की खराब होतो, पुन्हा चार्ज करताना पेटूही शकतो. म्हणून लो-व्होल्टेज कटऑफवाला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवा. ट्रक मूळ रूपातच हवाय? मग ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड घ्या आणि काळवंडलेले कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने घासा.