घरच्या गेमिंगसाठी वायरलेस ब्रॉडबँड: एमबीपीएस नाही, पिंग बघा!

नवी मुंबईतल्या द्रोणागिरीत ऑनलाइन गेमसाठी फाइव्ह-जी एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून येणारं वायरलेस ब्रॉडबँड, घ्यावं का? माझ्या मते जरूर विचार करावा, पण जाहिरातीतला वेग बघून नव्हे. एअरटेल आणि जिओ या दोघांनीही ही सेवा 2023 मध्ये आणली, तेव्हापासून चर्चा एमबीपीएसचीच होते. प्रत्यक्ष खेळताना बहुतेक गेमना 1 एमबीपीएसही लागत नाही. मोठा वेग कामी येतो तो गेम डाउनलोड करताना. खेळात निर्णायक ठरते ती पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेची, स्थिरता. पिंग कायम 40 मिलिसेकंद असेल तर हात सरावतो. 20 वरून 150 वर उडी मारली की नेम चुकतोच. ‘व्हॅलोरंट’सारख्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, म्हणजे अंतर फारसं नाही. अडचण येते ती बहुधा टॉवर ते घर या टप्प्यात, कारण तिथली क्षमता सगळे वाटून घेतात.

“मग फायबरच घ्या ना!” हा आक्षेप रास्त आहे. इमारतीत फायबर आली असेल तर तीच घ्यावी. पण ती नसेल, किंवा भाड्याच्या घरात केबल ओढता येत नसेल, तर वायरलेस हा चांगला पर्याय आहे. पावसाची भीतीही थोडी अतिरंजित आहे: 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर पावसाचा परिणाम नगण्य असतो, 26 गिगाहर्ट्झवर मात्र तो जाणवतो. बाहेरचं युनिट टॉवरच्या दिशेला बसवून घ्या, राउटरपासून पीसीपर्यंत लॅन केबल जोडा आणि पिंग रात्री 8 ते 11 या गर्दीच्या वेळेत तपासा. त्या वेळी तो स्थिर राहिला, तरच लांब मुदतीचा प्लॅन घ्या.