उन्हाळी आणि आडोसा

संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते यांनी व्यापलेल्या सौंसर-पांढुर्णा भागात, आणि विशेषतः अर्धनारीश्वराच्या देवळामुळे दूरवर नाव पोहोचलेल्या मोहगावासारख्या गावात, लघवीच्या वेळी जळजळ होऊ लागली की घरातील वडीलधारी बाई ‘उन्हाळी लागली’ असे निदान करून मोकळी होते आणि धने-जिऱ्याचे पाणी, ताक किंवा सराट्याचा काढा पुढे करते. या निदानात तथ्यांश नाही असे नाही. वैशाखात अंगातले पाणी घामावाटे निघून गेले म्हणजे मूत्र दाट व तीव्र होऊन दाह करते, आणि पोटभर पाणी प्याल्यावर तो दाह बहुधा दिवसाभरात निवतोही. परंतु हीच तक्रार कापूसवेचणीच्या ऐन थंडीत उद्भवते, दर घटकेला लघवीची घाई होऊन चार थेंबच उतरतात, ओटीपोटात कळ येते, मूत्र गढूळ, दुर्गंधीयुक्त व क्वचित रक्तमिश्रित होते, तेव्हा दोष उन्हाच्या माथी मारून भागत नाही. मूत्राशयात जंतूंचा शिरकाव झाला आहे, असे समजावे.

हा जंतू बाहेरून आलेला कोणी परका नसतो. थिओडोर एशेरिश या वैद्यकाने १८८५ साली वर्णिलेला आणि पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेलेला ‘ई. कोलाय’ आपल्या आतड्यांत एरवी निरुपद्रवीपणे नांदत असतो. मूत्राशयाच्या बहुसंख्य संसर्गांस तोच कारण होतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषाचा सुमारे वीस. शिवाय स्त्रीच्या शरीरात मूत्रमार्ग गुदद्वारापासून फार दूर नाही. त्यामुळे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा विकार गाठतो, आणि त्यात लाज वाटण्याजोगे किंवा कोणाच्या चारित्र्याविषयी कुजबुजण्याजोगे काहीही नाही. शरीराने योजलेला बंदोबस्त साधा आहे: मूत्राचा प्रवाह जंतूंना वेळोवेळी बाहेर लोटतो. वाहत्या पाटात शेवाळ धरत नाही, साचलेल्या डबक्यात धरते. तासन्‌तास तुंबवून ठेवलेल्या मूत्रातही जंतूंना चिकटून बसण्यास व वाढण्यास असाच अवसर मिळतो.

येथेच या रोगाचा संबंध औषधांच्या दुकानापेक्षा शेताच्या बांधाशी अधिक येतो. रोजंदारीने वेचणीला किंवा संत्र्याच्या तोडणीला गेलेल्या बाईला उघड्या शिवारात आडोसा नसतो, भोवती पुरुष मजूर वावरत असतात, आणि म्हणून ती सकाळपासून पाणीच बेताने पिते व लागलेली लघवी दिवस कलेपर्यंत दाबून धरते. तिला कोणी अडाणी म्हणू नये. परिस्थितीने तिला शिकवलेला तो हिशेब आहे, आणि त्याची भरपाई तिचे मूत्राशय करीत असते. या बाबतीतला एक पुरावा सांगण्याजोगा आहे. ज्यांना हा संसर्ग वर्षातून तीन किंवा अधिक वेळा होत असे आणि ज्या दिवसाकाठी दीड लिटरहून कमी पेयद्रव्य घेत असत, अशा १४० स्त्रियांचे एक परीक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्या जणींना रोज आणखी दीड लिटर पाणी पिण्यास सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर उरलेल्यांना ३.२ वेळा. इतके गुणकारी आणि इतके स्वस्त औषध दुसरे आढळणे कठीण. मात्र प्यालेले पाणी टाकण्यास जागा नसेल तर ते लिहून देण्यात अर्थ नाही.

संसर्ग झाल्यावर मात्र काढ्यावर विसंबून दुखणे अंगावर काढू नये. पाण्याने आराम पडतो, लघवीची आग शमविणाऱ्या गोड औषधानेही तो पडतो. पण त्या औषधाने जंतू मरत नाहीत. मूत्राची तपासणी करून डॉक्टर नायट्रोफ्युरँटॉइन काही दिवस किंवा फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच मात्रा देतात, आणि साधा संसर्ग बहुधा तेवढ्याने आवरतो. दुकानदाराला विचारून दोन गोळ्या घेणे, बरे वाटताच उरलेल्या ठेवून शेजारणीला देणे, ही आपली रीत घातक आहे. तिच्याच कृपेने एकेकाळची हुकमी प्रतिजैविके या देशात आज वारंवार निष्प्रभ ठरतात. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली वेदना किंवा उलट्या ही चिन्हे दिसली, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असे मानून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. गर्भवतीच्या मूत्रात जंतू आढळले तर लक्षण नसतानाही उपचार आवश्यक असतात. मधुमेही माणसाने आणि प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाने ही तक्रार क्षुल्लक मानू नये. शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करणे आणि समागमानंतर लघवीस जाणे, एवढी पथ्ये घरात मुलीसुनांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावी.

राहिला प्रश्न आडोशाचा. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१५ साली न्यायालयाने महापालिकांना तशी तजवीज करण्याचा हुकूम दिला. परंतु १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व मोहगाव ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, म्हणून मुंबईच्या न्यायालयाचा हुकूम येथे चालत नाही. शिवाय तो हुकूम शहरांपुरता, शिवाराला तो लागू नाही. तेव्हा मोहगावच्या शेतमालकाने न्यायालयाची वाट का पाहावी? चार बांबू, जुनी ताडपत्री, हात धुण्यास पाण्याची बादली आणि पिण्यासाठी भरलेला माठ यांस फारसा खर्च येत नाही. ज्यांच्या वावरात यंदा बायका वेचणीला येतील, त्यांनी हा आडोसा पहिल्याच दिवशी उभा करावा, एवढी विनंती आहे.