वानप्रस्थाचा खरा अर्थ : पन्नाशीनंतरची वाटचाल



मंदिरात नित्य येणाऱ्या भक्तमंडळींत पंचेचाळीस ते साठ या वयोगटातील स्त्री-पुरुषांची संख्या मोठी आहे. दर्शन झाल्यावर सभामंडपात घटकाभर बसून जे बोलणे होते, त्यात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुले नागपूर, रायपूर, पुणे येथे स्थिरावली. कोणाची भरवेलीच्या खाणीतील वा मलाजखंडच्या प्रकल्पातील नोकरी संपत आली, कोणाच्या दुकानाचा गल्ला मुलाच्या हाती गेला. मग आता पुढे काय? मध्यप्रदेश शासनाने २०१८ साली शासकीय सेवकांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६२ केले. त्यामुळे हा प्रश्न काहींच्या बाबतीत दोन वर्षे पुढे गेला, पण सुटला नाही. या विषयावर आपल्या परंपरेत काय विचार झाला आहे, तो प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा नम्र प्रयत्न आहे.

वानप्रस्थ म्हणजे काय?

आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे मुख पाहिले, की गृहस्थाने वनाकडे वळावे, असे मनुस्मृतीचे सांगणे आहे. हे शब्दशः घेतल्याने अनेकांचा गैरसमज होतो. वानप्रस्थ म्हणजे घर टाकून निघून जाणे, असे त्यांना वाटते. परंतु या आश्रमानंतर संन्यास हा वेगळा आश्रम सांगितलेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. वानप्रस्थ हा मधला काळ आहे. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून जावे किंवा तिच्यासह जावे, अशी दोन्ही प्रकारची मुभा तेथे आहे. अग्निहोत्रासारखी नित्यकर्मेही सुटत नाहीत. अधिकार सोडणे आणि कर्म चालू ठेवणे, हे या आश्रमाचे मर्म आहे.

बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य व मैत्रेयी यांचा संवाद या दृष्टीने मननीय आहे. याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडण्यास निघाले, तेव्हा ते कोणास न सांगता गेले नाहीत. मैत्रेयी व कात्यायनी या दोन्ही पत्नींत संपत्तीची वाटणी करण्याचा विचार त्यांनी प्रथम मांडला. मैत्रेयीने त्यावर प्रश्न विचारले, त्यांची त्यांनी शांतपणे उत्तरे दिली. आपल्या आयुष्यातील बदल घरच्या माणसांपुढे स्पष्ट शब्दांत मांडावा, हा त्यातील व्यावहारिक बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो.

महर्षी कर्वे यांचे उदाहरण

अर्वाचीन काळात मराठी समाजात याचे उत्तम उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. तेहेतिसाव्या वर्षी आलेला हा आघात होता. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले.

विधवाविवाहाचा प्रचार करीत असतानाच त्यांच्या ध्यानात आले की, विधवांना आधी स्वतःच्या पायांवर उभे करणारे शिक्षण मिळाले पाहिजे. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. महाविद्यालयातील अध्यापन संपवून कर्वे पायी हिंगण्यास जात व तेथे शिकवीत. नोकरी मात्र त्यांनी सोडली नाही. १९१४ साली निवृत्त झाले, तेव्हा या कार्यास सुमारे अठरा वर्षे झाली होती. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले व १९६२ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रात एका दिवसात दिशा सापडली, असा प्रसंग दिसत नाही. एक काम करताना पुढचे काम दिसले. दुसरे असे की, त्यांनी आयुष्यभर जे केले तेच, म्हणजे शिकविणे, नव्या ठिकाणी नेले. या वाटचालीचा भार घरानेही सोसला. गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात तो संसार आपल्या बाजूने सांगितला आहे. भगिनींनी ते अवश्य वाचावे.

आपण काय करावे?

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नवे काम शोधू नये. ते तीन-चार वर्षे आधी, आठवड्यातील दोन तासांपासून सुरू करावे. शिक्षकाने वस्तीतील दहावीच्या मुलांना गणित शिकवावे, लेखापालाने वृद्ध निवृत्तिवेतनधारकांचे अर्ज भरून द्यावेत. ज्या भगिनींचे सारे आयुष्य घरात गेले, त्यांच्याजवळही पाककला, शिवण, रुग्णसेवा, हिशेब असे पुष्कळ असते. ‘मला काही येत नाही’ असे त्यांनी म्हणू नये.

त्यासोबत सोपवणूकही हवी. शेतीची वाटणी, नामांतरण, मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन ही कामे वडीलधारी मंडळी संकोचाने टाळतात. नंतर त्यावरून भावाभावांत पटवारी व न्यायालय यांच्याकडे खेटे सुरू होतात. गल्ला मुलाकडे दिल्यावर रोज संध्याकाळी हिशेब तपासणे म्हणजे दिलेले परत घेणे होय. विचारल्यास सल्ला द्यावा, एरवी मौन पाळावे.

हाच नियम न्यासासारख्या सार्वजनिक संस्थांनाही लागू आहे. रोकडवही, दागिन्यांची नोंद, उत्सवाची व्यवस्था एकाच व्यक्तीच्या डोक्यात राहू नये. प्रत्येक पदाधिकाऱ्याने एका तरुण सभासदास सोबत घेऊन काम शिकवावे, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.

एक सूचना

या वयातील प्रत्येक अस्वस्थता आध्यात्मिक नसते. झोप न येणे, भूक मंदावणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. रजोनिवृत्तीच्या काळात भगिनींना होणारा त्रासही घरच्यांनी समजून घ्यावा. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते. नामस्मरण व औषध यांत विरोध नाही.

आपली वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून मोठे वळण घेत बालाघाटास येते आणि पुढे महाराष्ट्रात वर्धेस मिळून प्राणहिता होते. नाव बदलले तरी पाणी तेच राहते. पद गेले, खुर्ची गेली, तरी आपल्या हातचे कौशल्य व मनातील श्रद्धा कोठे जात नाही. ती कोणाच्या उपयोगी पडावी, एवढाच विचार प्रत्येकाने आजपासून करावा, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपला विनीत,
सचिव, मंदिर न्यास, बालाघाट