ओसरीवरचा वर्ग
वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. इथे एमबीबीएसला आलेली मुलं सुरुवातीचे १५ दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. सूतकताई, सफाई, प्रार्थना. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांना त्यातली घरं वाटून दिली जातात. रक्तदाबाचा पट्टा दंडाला कसा गुंडाळायचा, हे सर ओसरीवर बसून दाखवतात. गोळ्या का थांबवल्या, हे म्हातारीकडून काढून घ्यायला मात्र दोनतीन चहा लागतात. ते कुठल्याही पुस्तकात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुढे कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आणला. सेवाग्रामला तोवर त्याची जुनी सवय झाली होती.