ज्यांच्या रक्तात एच नाही

‘द लॅन्सेट’च्या १९५२ सालच्या एका अंकात दोन पानांचे टिपण आले. लेखक सात. त्यांतले तिघे मुंबईचे: डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. उरलेले चौघे लंडनचे. मुंबईतल्या तीन माणसांचे रक्त कुणाच्याच रक्ताशी जुळत नाही आणि ते प्रचलित चार गटांपैकी एकातही बसत नाही, असे या टिपणाचे म्हणणे होते. त्या रक्ताला आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात.

टिपणाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी सहकाऱ्यांची आणि स्वतःची रक्ते एकमेकांत मिसळून पाहिली आणि माणसांचे तीन गट पाडले: ए, बी आणि सी. या ‘सी’चेच पुढे ‘ओ’ झाले. पुढच्या वर्षी त्यांच्याच सहकाऱ्यांना एबी सापडला. ए गटाच्या तांबड्या पेशीवर ए प्रतिजन, बी गटाच्या पेशीवर बी, एबीच्या पेशीवर दोन्ही. आणि ओ? ओच्या पेशीवर काहीच नाही, अशीच पुढे कित्येक वर्षे समजूत होती. काहीच नाही म्हणून त्या पेशी कुणालाही चालतात, हे त्यातूनच आले.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या मंडळींनी या समजुतीला धक्का दिला. त्या तीन माणसांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसत होते. पण ओ गटाच्या दात्याचे रक्त त्यांच्या सीरममध्ये मिसळले की पेशींचे पुंजके होत. परीक्षानळी नीट धुतली नसेल, सीरम जुने झाले असेल, गारव्यामुळे झाले असेल, असे म्हणून ती नळी बाजूला ठेवता आली असती. रोजच्या कामाच्या रेट्यात असे किती तरी निकाल बाजूला पडतात. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांचे जाणकार होते, तर वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स रक्तगटांचे रसायनशास्त्र उलगडत होते. ओ गटाच्या पेशीवरही एक पदार्थ असतो हे मॉर्गन-वॉटकिन्स यांना दिसले होते आणि १९४८ साली त्यांनी त्याला ‘एच’ म्हटले होते. मुंबईच्या तिघांकडे नेमका तोच नव्हता. उलट त्यांच्या सीरममध्ये ए आणि बी यांच्याबरोबर एचविरुद्धचेही प्रतिपिंड होते. म्हणजे ओ गट रिकामा नाही, हे ज्यांच्याकडे एच नाही त्यांच्यामुळे ठसठशीतपणे कळले.

पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली गेली की एच तयार होतो. त्या एचवर आणखी एक साखर चढली की ए. वेगळी चढली की बी. एचच नसेल तर ए-बीची जनुके धडधाकट असूनही त्यांना कामाला जागा मिळत नाही. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी वर्णिलेल्या घराण्यात हे स्पष्ट दिसले: आईचा गट तपासणीत ओ, तिचे मूल मात्र एबी. आईकडे बीचे जनुक होते, ते दिसत नव्हते इतकेच. बाळाचा गट आईवडिलांशी जुळला नाही की घरात संशयाचे वारे शिरते; त्या घरांसाठी या शोधाचे मोल वेगळेच आहे.

मग बराच काळ रसायनशास्त्राचा, आणि त्यानंतर जनुकांचा. फ्यूकोज जोडणारे एन्झाइम एफयूटी१ या जनुकावरून बनते आणि त्यातला बिघाड हेच या रक्तगटाचे मूळ, हे १९९४ साली दाखवले गेले. बिघडलेली प्रत आई आणि वडील अशा दोघांकडूनही यावी लागते. म्हणून नात्यात लग्ने होतात तिथे हा गट अधिक आढळतो. युरोपात दहा लाखांत एखादा, भारतात साधारण दहा हजारांत एक. या माणसांना त्यामुळे कसलाही आजार नसतो. रक्त चढवायची वेळ येईपर्यंत अनेकांना आपला गट ठाऊकही नसतो.

खरी भीती तिथेच आहे. शिबिरात काचपट्टीवर घाईने पाहिलेला गट ओळखपत्रावर ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून छापला जातो आणि जन्मभर सोबत राहतो. एच सर्वांत जास्त असतो तो ओच्याच पेशींवर. त्यामुळे ओचे रक्त चढवले तर शरीर ते वेगाने फोडून टाकते आणि जीव जाऊ शकतो. रुग्णाचे सीरम ओच्या पेशींशीही ताडून पाहिले, तर हे मिनिटांत कळते. १९५७ साली मुंबईत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र निघाले, आजची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था. लॅन्सेटच्या त्या टिपणातले भाटिया पुढे तिचे संचालक झाले. शंकास्पद नमुने आजही तिथे येतात.

संशोधन इतके पुढे गेले, तरी रक्ताची पिशवी शेवटी माणसाकडूनच यावी लागते, आणि ती शीतपेटीत पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. ग्लिसरॉलमध्ये गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून दात्यांच्या याद्या, आणि रात्री-अपरात्री खणखणणारे फोन. २०२४च्या मे महिन्यात इंदूरच्या एका रुग्णासाठी शिर्डीचा एक दाता मोटारीने तिकडे गेला होता. नवा रुग्ण सापडला की जाणकार डॉक्टर आधी त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलावतात. प्रत्येकाचा गट जुळण्याची शक्यता चारात एक असते.